गिअरबॉक्स सुखरूप आहे, विहीणबाई

आदरणीय विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. व्याह्यांनाही नमस्कार सांगा, पण ते पेपर वाचत असताना सांगू नका, कारण मग तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की डावा बरा आहे आणि उजवा रुसलाय. माझं नेमकं उलटं आहे. आपण दोघी खेटून चालायला लागलो तर दोन चांगले पाय मिळून एक धड बाई तयार होईल. (हे वाक्य भिंगरीला फार आवडलं. आपली नात माझ्या मांडीला चिकटून बसलीय आणि मी लिहीन ते मोठ्यानं वाचून घरभर ऐकवतेय. ऱ्हस्व-दीर्घही तीच सांगते. मी चौथीत शाळा सोडली, ती अजून दुसरीत आहे, आणि तरी तिचं माझ्यापेक्षा बरं. तेव्हा पत्रात चूक सापडली तर नातीला विचारा, मला नाही.)

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारचा प्रकार तुमच्या कानावर तीन तऱ्हांनी आला असणार. एक तुमच्या मुलाकडून, म्हणजे "काही नाही आई, जरा पाण्याचा पंप गेला." दुसरा व्याह्यांकडून, ज्यात त्यांनी आपली मोटार किती वेगानं आणली एवढंच असेल. तिसरा तुम्ही स्वतः मनानं तयार केलेला. आता चौथा ऐका, हा खरा. आणि सगळ्यात आधी आनंदाची बातमी घ्या, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको: गिअरबॉक्स सुखरूप आहे. तुम्ही म्हणाल, मला काय त्याचं? अहो, मलाही मंगळवारी सकाळी दहापर्यंत काही नव्हतं. गाडीला गिअरबॉक्स असतो हे ऐकून होते, जसं माणसाला स्वादुपिंड असतं हे ऐकून असतो. दुखेपर्यंत कोण चौकशी करतं?

पण हे दुखणं साधं नव्हतं. तुम्ही जिला पत्र्याचा डबा म्हणता ती घरगाडी म्हणजे आपल्या पोरांचं घर आणि दुकान दोन्ही. त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक, आणि मागच्या फळीवर मनोऱ्यांच्या घड्याळांची चाकं मांडून जावई घासत बसतात, लेक शेजारी तबकडीचे आकडे रंगवते. (मोठमोठ्या घड्याळांना वेळेवर आणणारा तुमचा मुलगा स्वतः कधी जेवायला वेळेवर आला नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण तो विषय वेगळा.) पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्यांना एका शाळेच्या मनोऱ्यावर चढायचंय. तिथलं घड्याळ चार वर्षं सव्वाअकरावर बसलंय, आणि मुलांना वाटतं मधली सुट्टी कधी होणारच नाही. तर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप काय, दोन दिवसांत बदलून मिळतो. पण गिअरबॉक्स जळला असता तर तसला आता कुठे मिळत नाही म्हणतात. मग गाडी भंगारात, घड्याळं तशीच बंद, आणि पोरं कायमची घरी बसली असती. (कोणाच्या घरी, ते मी बोलत नाही. तुम्ही वरची खोली रंगवून घेतलीय हे मला कळलंय. कुठला रंग तेही कळलंय. पिस्ता फार छान दिसतो.)

तर झालं असं. चार दिवस हवापालट म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते आणि परतीच्या वाटेवर होतो. घर चाळीस किलोमीटर राहिलं, समोर मोठा चढ, आणि मी मागच्या खिडकीशी बसून मटार सोलत होते. एकाएकी पुढून वाफ. मला वाटलं लेकीनं चहाचं आधण ठेवलं. लेक म्हणाली, "अगं आई, मी तुझ्याशेजारी बसलेय, आधण कुठून ठेवू?" तोवर जावयांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, खाली उतरले, झाकण उघडलं आणि गाडीकडे असं बघितलं की जणू त्यांचंच काही चुकलं. विहीणबाई, एक विचारते, रागावू नका. तुम्ही या मुलाला इतका सभ्य कसा काय वाढवलात? आमच्याकडे पोरं उलट उत्तरं देत मोठी झाली, त्यामुळे मला याची सवय नाही. हा माणूस बंद पडलेल्या इंजिनाला सुद्धा "अहो" म्हणेल.

तासाभरानं बंद गाड्या ओढून नेणारा टोचनवाला आला. मागे लोखंडी हात आणि साखळ्या असलेला त्याचा ट्रक, आणि तो स्वतः कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. केसांना पाणी लावून भांग. मी म्हटलं, टोचन करायला आलाय की फोटो काढून घ्यायला? त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकांवर थाप मारली आणि म्हणाला, "पुढून उचलतो, मागची चाकं रस्त्यावर पळतील, गिअर न्यूट्रलला टाका. पाऊण तासात पोहोचलो समजा." जावई म्हणाले, "तसं ठीकच आहे, म्हणजे, बघा, शक्य असेल तर, तुमची अडचण नसेल तर..." आणि तिथेच थांबले. टोचनवाल्यानं साखळी सोडायला घेतली. जावई लेकीच्या कानात काहीतरी पुटपुटले. लेक म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा ना!" मग जावई माझ्याकडे आले आणि मला सांगायला लागले. (माझ्याशी ते मोकळेपणानं बोलतात. मी त्यांना घाबरवत नाही, उगीच लोक म्हणतात.)

त्यांनी काय सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या भाषेत सांगायला लागले तर शाई संपेल. या गाडीचे गिअर आपोआप पडणारे. गिअरबॉक्सच्या पोटात तेल असतं, पण ते जिथल्या तिथे साचून असतं. ते वरपर्यंत फिरवून प्रत्येक दाताला पाजायला एक छोटा पंप असतो, आणि तो पंप इंजिन चालू असेल तरच चालतो. म्हणजे इंजिन ही घरातली कर्ती बाई. ती उठली तर सगळ्यांना चहा, ती झोपली तर कोणाला काही नाही. आता इंजिन बंद, म्हणजे बाई झोपलेली. आणि गाडी ओढली की मागची चाकं फिरणार. या गाडीत चालवणारी चाकं मागचीच. ती चाकं फिरली की त्यांना जोडलेला लांब लोखंडी दांडा फिरणार (याला शाफ्ट म्हणतात), आणि तो दांडा थेट गिअरबॉक्सच्या पोटात जाऊन आतलं सगळं गरगर फिरवणार. उपाशीपोटी! थेंबभर तेल न मिळता, चाळीस किलोमीटर! न्यूट्रलला टाकून काही होत नाही, कारण फिरणं इंजिनाकडून येतच नाहीये, मागच्या दारानं येतंय. गाडी पोहोचते व्यवस्थित, पोहोचल्यावर कळतं की आतलं जळून गेलंय. उपाय दोनच. एक तर अख्खी गाडी मोठ्या ट्रकवर चढवा. तसला ट्रक दोन दिवस मिळणार नव्हता. नाहीतर तो दांडा सोडून काढून ठेवा, म्हणजे चाकं कितीही फिरोत, गिअरबॉक्सला पत्ताच नाही. मागून उचललं तर म्हणाल? मीही म्हटलं. पण मागे न्हाणीघराची शेपटी एवढी बाहेर आलीय की ट्रकचा हात चाकांपर्यंत पोहोचत नाही.

हे सगळं मला लगेच समजलं. का समजलं सांगू? तीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. मशीनला तेल घालायला विसरलं की आधी एक बारीक वास येतो, मग आवाज बदलतो, आणि मग सुपरवायझर येतो. मी एकदाच विसरले होते. त्या मशीनचा आवाज मला अजून आठवतो, बिचारी कण्हत होती.

मग मी मटाराची परात घेतली, घडीची खुर्ची घेतली, आणि ट्रकचा लोखंडी हात आणि गाडीचं नाक यांच्या मधोमध जाऊन बसले. सोलायला लागले.

टोचनवाला म्हणाला, "आजी, बाजूला व्हा."

मी म्हटलं, "दांडा सोड, होते."

"कुठला दांडा?"

"तुला माहीत आहे कुठला. खालचा."

"अहो आजी, वीस वर्षं झाली मला या धंद्यात. कोणी दांडा सोडायला सांगितलं नाही."

"वीस वर्षांत माझ्यासारखी कोणी भेटली नसेल. आणि ज्यांचे जळले ते तुला सांगायला परत आले होते का?"

यावर त्यानं जावयांकडे बघितलं. जावयांनी आकाशाकडे बघितलं. आणि बरोब्बर याच मुहूर्तावर, विहीणबाई, तुमचा फोन आला. लेकीचे हात ओले होते म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकून चाकाच्या वरच्या पत्र्यावर ठेवला, हे तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी सांगते आता. तुम्ही अर्धीमुर्धी हकीकत ऐकलीत आणि म्हणालात, "अगं, ओढा म्हणावं कशीही! मोडली तर मोडली एकदाची, पोरं घरी तरी बसतील!" आवाज काय खणखणीत लागला होता तुमचा! समोरच्या शेतातली म्हैस वळून बघायला लागली. टोचनवाल्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. म्हणाला, "बघा, घरातल्या मोठ्या बाई काय म्हणतायत. त्यांचं तरी ऐका." मी म्हटलं, "त्या मोठ्या नाहीत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. आणि त्यांची खोली पिस्ता रंगानं रंगवून तयार आहे, म्हणून त्या तसं म्हणतात." (तुम्ही फोन तोवर ठेवला होतात. नाहीतर हे मी बोलले नसते. बोलले असते, पण हळू.)

मग खरं कारण बाहेर पडलं. त्याला दांडा सोडता येत नव्हता असं नाही. पान्यांची पेटी ट्रकमध्ये होती, सोडायला वीस मिनिटं पुरे. पण त्यासाठी गाडीखाली उताणं झोपायला लागतं, आणि त्या दिवशी बिचाऱ्याला सासुरवाडीला जेवायला बोलावलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा. पळून जाऊन लग्न केलेलं, सासरा दीड वर्ष बोलत नव्हता. एक वाजता पानं वाढणार, आणि शर्ट एवढा एकच बरा. मला इतकं वाईट वाटलं की मी परात बाजूला ठेवली. जवळ बोलावून शर्ट बघितला. म्हटलं, "कॉलर वळव बघू." विहीणबाई, सवय कुठे जाते? टाके उड्या मारत गेले होते, एका टोकाला दोरा लोंबत होता. मी म्हटलं, "बाळा, ही कॉलर कोरड्या मशीनवर शिवलीय. तेल न घालता. बघ तुझा सासरा काय बघणार ते. हे असं करायचंय तुला माझ्या पोरांच्या गिअरबॉक्सचं?"

तो कॉलरकडे बघायला लागला. आपल्याच गळ्याशी असलेली कॉलर बघायला माणसाला किती मान मोडावी लागते ते बघून भिंगरी हसून हसून खाली बसली.

मी म्हटलं, "शर्ट काढ. तू खाली जा, तोवर मी कॉलर नव्यासारखी करून देते. आणि अंगात माझा गाऊन घाल."

"फुलाफुलांचा?"

"साधा धुवायला टाकलाय."

तर ज्या रस्त्यानं दिवसभर बसगाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला, जांभळ्या फुलांचा गाऊन घातलेला, मिशा असलेला, सव्वासहा फुटी माणूस घरगाडीखाली शिरला. दोन बसगाड्या हळू झाल्या. एकीतल्या बायकांनी हात केले. जावयांनी चारही चाकांमागं दगड लावले, मग तेही शर्ट काढून खाली शिरले (बनियन फाटलंय, तुम्ही पाठवलेली नवीन कुठे गेली?), आणि मग खालून दोघांच्या अशा गप्पा सुरू झाल्या की जणू शाळासोबती. दांडा सोडायच्या आधी तो जसा बसलेला असतो तशी खूण करायची असते, म्हणजे परत लावताना वेडावाकडा बसून थरथरत नाही. लेकीनं नेलपॉलिशची बाटली खाली दिली. दांड्याच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस असतो, त्याला बारीक टोप्या, आणि टोप्यांमध्ये सुईसारख्या सळया. त्या सांडल्या तर शोधत बसा. म्हणून भिंगरीच्या हस्तकलेची बदकांच्या चित्रांची चिकटपट्टी त्यावर गुंडाळली. आणि दांडा निघाल्यावर गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल ठिबकायला लागलं, तेव्हा मी पर्समधली माझी आंघोळीची प्लास्टिकची टोपी दिली. इलास्टिकची आहे, अशी गच्च बसली की टोचनवाला खालून ओरडला, "आजी, मापाची आहे!" नंतर गॅरेजवाल्या मिस्त्रीनं वर उचलून बघितलं तेव्हा टोपीतून तेल थेंबभरही गळलं नव्हतं, आणि तो जावयांना म्हणाला की ही टोपी कुठल्या कंपनीची, अशा मागवून ठेवायला हव्यात. मला एवढा आनंद झाला की मी त्याला घरून दुसरी नेऊन दिली.

टोचनवाला खालून निघाला, दांडा माझ्या हातात दिला (चांगला जड असतो, दोन वर्षांच्या मुलाएवढा) आणि मी तो आत नेऊन खालच्या पलंगावर ठेवला. त्यानं शर्ट घालून आरशात बघितलं, कॉलर कशी ताठ उभी होती! मग पुढची चाकं उचलून, मागचे लाल दिवे वेगळी वायर टाकून जोडून, पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासात हळूहळू नेऊन गाडी आमच्या गावातल्या गॅरेजला लावली. (जवळचं गॅरेज माझ्या गावात निघालं यात माझा काय दोष? तुमच्या गावात असतं तर मी हूं की चूं केलं नसतं.) टोचनवाला सासुरवाडीला पोहोचला दोन वाजता. सासरा दारात उभा होता म्हणे, आणि पहिलं वाक्य बोलला ते, "उशीर झाला." दीड वर्षांनी! पोरगा सांगताना रडायला आला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मिस्त्री म्हणाला कपडे-अंथरुणं काढून न्या, तेलाचे डाग पडले तर मी जबाबदार नाही. सगळ्यांनी घाईघाईनं गाठोडी बांधली, व्याही मोटार घेऊन आलेच होते, निम्मी तुमच्याकडे रवाना झाली, निम्मी टेंपोतून माझ्याकडे. पंप तिसऱ्या दिवशी बसला. आणि मिस्त्री म्हणाला, आणा दांडा. तर दांडा नाही. पलंगावर नाही, पलंगाखाली नाही, ट्रकमध्ये नाही, गॅरेजात नाही. आज दहावा दिवस. पोरं माझ्याकडेच आहेत, आणि भिंगरीनं माझ्या उशीवर कायमचा हक्क सांगितलाय. लेकीनं टोचनवाल्यावर संशय घेतला, म्हणे त्यानंच भंगारात दिला असणार. मी तिला स्पष्ट सांगितलं की त्या मुलाला बोल लावलास तर माझ्याशी गाठ आहे. तो स्वतः येऊन गेला, गाऊन धुऊन इस्त्री करून घेऊन आला, आणि आमच्यासमोर ट्रकचा कोपरा न् कोपरा उलटा केला. तोंड एवढंसं झालं होतं. मला बघवेना. सोमवारी जावई लेथवाल्याकडे माप देऊन नवा दांडा करायला टाकणार आहेत.

बाकी सगळं छान. रविवारी जेवायला या. व्याह्यांना घेऊन या, मोटार घेऊन या. दोघांना पुन्हा नमस्कार, आणि गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची,
विहीण

ता. क. : भिंगरीनं इथपर्यंत वाचून, दोन काने आणि एक वेलांटी दुरुस्त करून पत्र पास केलंय. आता ती आणि तिची आई किराणा दुकानात गेल्यात, जावई गॅरेजात. पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही. दार लावून घेतलंय.

ता. क. दुसरा : विहीणबाई, दांडा माझ्याकडे आहे. माझ्या पलंगाखाली, निळ्या रजईत. बसून वाचा. मंगळवारी मी तो पलंगावर ठेवला खरा, पण तो घरंगळायला लागला, ग्रीस गादीला लागत होतं, म्हणून मी रजईत नीट गुंडाळून दोरीनं बांधून ठेवला, आणि पुढच्या गडबडीत साफ विसरले. बाकीचे सगळे पुढे हूक लावत होते, कोणी बघितलं नाही. ते गाठोडं अंथरुणांबरोबर माझ्या घरी आलं. टेंपोवाला म्हणाला होता की या रजईत काय कापसाऐवजी धोंडे भरलेत का, मी म्हटलं जुना कापूस असाच असतो. चौथ्या दिवशी दुपारी रजईला ऊन द्यायला ओढली तर उचलेना, तेव्हा लक्षात आलं. देवाशपथ, हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भिंगरी आली आणि म्हणाली, "आजी, आई म्हणते दांडा मिळाला की त्याच दिवशी निघायचं. तो हळूहळू मिळू दे हं." मी तोंड मिटलं आणि रजई आत ढकलली. जावयांनी विचारलं, "आई, इकडे तर नाही ना आला?" मी म्हटलं, "एवढा मोठा दांडा घरात आला असता तर दिसला नसता का?" हे खोटं नव्हे, मी फक्त विचारलं. पण आता त्या टोचनवाल्याचं तोंड आठवतं आणि घास उतरत नाही. आणि सोमवारी नवा दांडा करायला टाकला तर उगीच. तर माझी विनंती अशी. निम्मी गाठोडी तुमच्याकडे गेलीच होती. रविवारी जाताना ती निळी रजई "आमची चुकून इकडे आली" म्हणून मोटारीत टाका, व्याह्यांना उचलू देऊ नका, आणि सोमवारी सकाळी फोन करा की अगं बाई, तुमचा दांडा आमच्या गाठोड्यात निघाला. आळ तुमच्यावर येईल. पण तुमचा आळ कोणी मनावर घेत नाही, तुम्ही सासू आहात, सून काही बोलू शकत नाही. माझी मात्र लेक आहे, ती मला जन्मभर ऐकवेल. बदल्यात मी मुलांना सांगते की दांडा बसल्यावर निघायच्या आधी आठ दिवस पिस्ता खोलीत राहून जा. एक तारखेला अजून सतरा दिवस आहेत, मी मोजलेत. शाळेचं घड्याळ चार वर्षं थांबलं, त्याला काय होतंय.

ता. क. तिसरा : थांबा. दुसरा ता. क. लिहून झाल्यावर रजई दोरीसकट उचलून ठेवावी म्हणून पलंगाखाली हात घातला. विहीणबाई, गाठ माझी नाही. मी साधी निरगाठ मारते. ही ती घड्याळाची वजनं टांगायची गाठ आहे, दुहेरी वेढ्याची, ती आपल्या घरात एकाच माणसाला येते. सोडून बघितलं, तर दांडा लख्ख पुसलेला, क्रॉसला ताजं ग्रीस, आणि बदकांची जुनी पट्टी काढून नवी पट्टी. म्हणजे तुमचा हा सभ्य मुलगा दांडा शोधून, तेलपाणी करून, परत माझ्याच पलंगाखाली ठेवून, रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून "कुठे गेला असेल हो आई" म्हणतोय! आणि मी त्याला चहा देतेय! काल टोचनवाल्याकडे जाब विचारायला म्हणून गेला तो दोन तासांनी लिंबांची पिशवी घेऊन परत आला, म्हणजे त्या पोराला सगळं खरं सांगून आला असणार, मला तेव्हाच कळायला हवं होतं. आज सकाळी लेथवाल्याचं विचारलं तर म्हणतो, लेथवाला गावाला गेलाय. लेथवाला माझ्या समोरच्या गल्लीत राहतो, आत्ताच खिडकीतून त्याच्या दाराशी दात घासताना दिसला.

तेव्हा दुसऱ्या ता. क.मधली विनंती फाडून टाका. त्यालाही इतक्यात निघायचं नाही, एक तारखेच्या आत दांडा तोच "शोधून" काढेल, कोणावर आळ घ्यायला नको. रविवारी जेवायलाच नको, शनिवारीच राहायला या, चार दिवसांच्या बेतानं. खोली काय, रंग पळून जात नाही. येताना तेवढी तुमची एक रजई घेऊन या, इथली एक कमी पडतेय.